बंदर पाठ असलेली आत्या

आत्याने समुद्र कधी पाहिला नव्हता, आणि आमच्या घरात समुद्राबद्दल तिच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं. एकतीस वर्षं ती एका छापखान्यात मुद्रितं तपासत होती. त्या छापखान्यात बंदराच्या शहराची सगळी छपाई व्हायची. बोटींची वेळापत्रकं, घडीचे नकाशे, फिरायला येणाऱ्यांसाठी माहितीपुस्तिका. दर सहा महिन्यांनी नवं वेळापत्रक यायचं आणि आत्या तांबडी पेन्सिल घेऊन ते डोळ्यांत तेल घालून वाचायची. तिच्या हातून एकही चुकीचा आकडा कधी सुटला नाही, असं मालक चारचौघांत सांगायचा. पगारवाढीचं नाव काढलं की त्याला ऐकू येत नसे, ते सोडा.

ती बाबांची थोरली बहीण. आधी धाकट्या भावाचं शिक्षण, मग त्याचं लग्न, मग आम्ही दोन भाचरं, आणि या सगळ्यात तिच्या लग्नाचं कुणी विचारेनासंच झालं. 'ताई म्हणजे आमच्या घराचा कणा हो,' असं आई पाहुण्यांना सांगायची. कण्याला बाहेर फिरायला न्यावं लागत नाही, हे आम्ही सगळ्यांनी सोयीने लक्षात ठेवलं होतं.

मी कॉलेजात असताना आत्या रविवारी काम घरी आणायची आणि मला समोर बसवायची. ती मूळ मजकूर मोठ्याने वाचणार, मी छापलेल्या कागदावर बोट ठेवून प्रत्येक ओळीला 'हं' म्हणणार. मध्येच, सूर जराही न बदलता, ती काहीतरी खोटंच वाचायची. "बेटाची बोट, सात वाजून पंचवीस." हं. "धक्का क्रमांक चार." हं. "बोट वाटेत दोन डोंगर चढते." इथे 'हं' म्हणालात की संपलं. छापखान्यात नव्या माणसाची ती अशीच परीक्षा घ्यायची, आणि खोट्याला 'हं' म्हणणाऱ्याबरोबर पुन्हा कधी कामाला बसायची नाही. रागवायची नाही, ओरडायची नाही. "त्याचा नुसता आवाज असतो, लक्ष नसतं," एवढंच म्हणायची. मी एकदाही सापडलो नाही. याचा मला भलताच तोरा होता आणि तिलाही कौतुक होतं.

ती निवृत्त झाली त्या दिवशी बाबांना भरून आलं. "ताई, तुला बंदर दाखवतो. सगळे जाऊ, चार दिवस. बेत तूच आखायचा." आत्याने दोन महिने घेतले. तेवीस पानांची फाईल झाली. गाडी कुठे लावायची, कुठल्या हॉटेलच्या कुठल्या मजल्यावरून माल उतरवणाऱ्या क्रेन दिसतात, कुठल्या धक्क्यावर ऊन कधी येतं, सगळं. तिसऱ्या दिवसाच्या पानावर एकच नोंद होती. 'लाटा अडवणारा लांब बांध. टोकाचा बाक. दोन तास. काही करायचं नाही.' पहिल्या पानावर सहा नावं होती आणि शेवटचं तिचं. तिने पांढरे कॅनव्हासचे बूट आणले आणि ते चावू नयेत म्हणून संध्याकाळी घरातल्या घरात घालून फिरू लागली. आम्ही हसायचो. तीही हसायची.

त्याच दोन महिन्यांत दादाचं लग्न ठरलं होतं. होणारी वहिनी तर बेतात होतीच. जायच्या आठवड्यात तिच्या आईवडिलांनीही यायची इच्छा दाखवली. व्याह्यांना नाही कसं म्हणायचं? गाडी सात जणांची, माणसं झाली आठ.

जेवताना बाबांनी विषय काढला. पाण्याचा पेला फिरवत म्हणाले, "ताई, तुला काय गं, तुला तर सगळं पाठच आहे. बघायचं असं राहिलंय काय?"

"आणि नळ दुरुस्त करणारा शुक्रवारी यायचाय," आई म्हणाली. "घरी कुणीतरी हवंच."

आत्याने वाटीतलं वरण भातावर घेतलं. मग म्हणाली, "बसही आहे. सकाळी सहा दहाची. दोघं बसने गेलो तरी दुपारपर्यंत पोचतो." बोलताना ती माझ्याकडे बघत होती.

मी चोवीस वर्षांचा होतो. नोकरी होती, पाय धड होते. सहा तास बस, मोडकी सीट आणि शेजारी आत्या, एवढं मनात आलं. मी मूग गिळून ताटाकडे बघत बसलो. कुणाला सुचलंच नाही, असं पुढे घरात सगळे म्हणत. तिला सुचलं होतं, आणि मला पटलंही होतं.

जेवण झाल्यावर तिने फाईल उघडली, तांबडी पेन्सिल काढली आणि स्वतःच्या नावावर छापखान्यातली ती खूण केली, मजकूर काढून टाका म्हणून करतात ती. खाली स्वच्छ अक्षरात व्याह्यांची नावं लिहिली आणि फाईल दादाच्या हातात दिली.

तिचा बेत तंतोतंत उतरला. कुठे अडलं की आम्ही फोन करायचो. "आत्या, चौकातून कुठे?" "पिवळी कमान डाव्या हाताला ठेवा, घड्याळाच्या दुकानाशी वळा." ती स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून आम्हाला रस्ते सांगायची. दुसऱ्या दिवशी व्याही बाबांना म्हणाले, "काय नियोजन आहे हो तुमचं!" बाबा म्हणाले, "हो, जरा लक्ष घातलं." मी शेजारीच उभा होतो.

तिसऱ्या दिवशी बांधाच्या टोकाला पोचलो आणि यावेळी फोन तिचा आला. "बाकावर बसलात?" मी फोन स्पीकरवर टाकला. तिने सांगायला सुरुवात केली. समोर गोदामांची रांग, मग आटलेल्या खाडीवरचा पूल, मग जहाजं आत घेणाऱ्या छोट्या बोटी. "बघा हं, अकराला एक मोठं जहाज आत येईल." वहिनी जांभया देऊ लागली. व्याहीबुवा घड्याळ बघत होते.

"आकाशवाणी सुरू झाली," मी म्हणालो. सगळे हसले. फोनमधला आवाज क्षणभर थांबला, मग पुन्हा सुरू झाला.

मी फोन बाकावर ठेवला आणि आम्ही बांधाच्या सुरुवातीला आइस्क्रीमच्या गाडीपाशी गेलो. रांग होती. फोटो काढले. अर्ध्या तासाने मी एकटा फोन घ्यायला परत गेलो. बाकावर कुणी नव्हतं, आणि आत्या बोलत होती. "...आता त्याच्या डोलकाठीवर झेंडा असेल बघा. तो उतरवतात." मी फोन उचलला. हातात आइस्क्रीम वितळत होतं.

"हं," मी म्हणालो.

"जहाज वळलं का?"

"हं."

"मागे दीपगृह. पांढरं."

"हं."

"आणि त्याच्या उजवीकडे दुसरं दीपगृह, थोडं उंच. दिसतंय ना?"

"हं," मी म्हणालो आणि मनगटावरचा ओघळ चाटला.

मी मान वर केली. उजवीकडे नुसतं पाणी होतं. दीपगृह एकच होतं. मी स्वतः तिच्यासमोर बसून सात वेळा तो नकाशा तपासला होता.

"आत्या," मी म्हणालो.

"नळवाला आलाय," ती म्हणाली. "ठेवते."

आम्ही परतलो तेव्हा गरम जेवण तयार होतं, नळ गळत नव्हता आणि फाईल तिने मागितली नाही. पांढरे बूट तिने पुन्हा घातले नाहीत. बाबा दर वर्षी म्हणत, "पुढच्या वर्षी नक्की, ताई." गरज सरो वैद्य मरो, यापेक्षा ते वेगळं नव्हतं, फक्त गोड आवाजात होतं. माझ्याशी ती पूर्वीसारखीच बोलायची. माझा डबा भरायची, आजारी पडलो तर उशाशी बसायची. पण रविवारी मुद्रितं तपासायला, कारण छापखाना अजूनही अधूनमधून तिला काम पाठवायचा, तिने शेजारच्या शिक्षिकेला बोलवायला सुरुवात केली.

दोन वर्षांनी मी बसची दोन तिकिटं काढून आणली. सहा दहाची. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"आत्या, आपण दोघंच जाऊ."

तिने तिकिटं हातात घेतली, तारीख आणि वेळ वाचली, बरोबर आहे म्हणाली आणि परत दिली. "तुझ्याबरोबर नको रे. दुसरं कुणी येत असेल तर बघ. मी येईन."

ती त्यानंतर सात वर्षं जगली. मी कुणालाही विचारलं नाही.