सहावं लोहचुंबक

डब्यातल्या पुठ्ठ्याला भोकं सहा, आणि भरली पाचच.

फिटरआजोबांनी डबा पुन्हा उपडा केला. चाळीस वर्षं पंप दुरुस्त करण्यात घालवलेला माणूस. नट असो, वॉशर असो, मोजून काढायचं आणि मोजून ठेवायचं. कुणी म्हणेल म्हातारा बेफिकीर होता. म्हणणाऱ्याने आधी तो डबा बघावा, मग तोंड उघडावं.

समोर सतरंजीवर चार पोरं. शेजारची जुळी, कोपऱ्यावरच्या टेलरचा गोट्या आणि त्यांची स्वतःची नात भुंगी. सगळी चार-साडेचार वर्षांची. रोज दुपारी जेवणं झाली की पुढच्या खोलीत हा वर्ग भरायचा. काय बुडतं, काय तरंगतं, बर्फावर मीठ टाकलं की काय होतं, सगळं हाताने करून बघायचं. आज लोहचुंबकाची पाळी होती. शर्टाच्या बटणाएवढी सहा, पण ताकद अशी की बोटाची चामडी चिमटीत धरतील. असलं पोरांच्या पोटात गेलं तर आतड्याचं काय होईल, हे आजोबांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून तर ती भोकं पाडून ठेवली होती.

कुणाकडे आहे, त्यांनी आवाज न चढवता विचारलं. जुळ्यांनी एकमेकांकडे बोट दाखवलं. गोट्या म्हणाला, मी खाल्लं. मग म्हणाला, नाही खाल्लं. मग त्याने विचारलं, गोड असतं का.

आजोबांनी डबा स्वयंपाकघरात फळीवर ठेवून दिला आणि शोधायला लागले. सतरंजी झटकली, खिसे उलटे केले, प्रत्येकाला आ करायला लावून जिभेखाली बघितलं. काही नाही.

आता सुनेला फोन. फोन केला की वर्गाला कुलूप. गेल्या महिन्यात जुळ्यांपैकी एकाने भिजवलेला वाटाणा नाकात घातला होता, तेव्हाच सुनेने सांगून ठेवलं होतं, बाबा, अजून एक भानगड झाली तर भुंगी पाळणाघरात जाईल. आणि भुंगी साडेतीन वर्षांची होईस्तोवर एक शब्द बोलत नव्हती. तिने पहिला 'का' विचारला तो याच सतरंजीवर, वितळणाऱ्या बर्फासमोर बसून.

आजोबांनी नंबर लावला.

"पोरी, एक लोहचुंबक सापडत नाही. पोरांच्या पोटात असू शकतं."

पलीकडे सुनेने लॅबमधलं घरघरणारं मशीन बंद केलं. मग सून म्हणाली, कुणाला घोटभर पाणीसुद्धा देऊ नका, बाकीच्या घरी मी कळवते, पंधरा मिनिटांत पोचते. ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

पंधरा मिनिटं नुसतं बसून राहणारा हा माणूस नव्हे. कोणाच्या पोटात आहे एवढं तरी कळू दे, म्हणून त्यांनी होकायंत्र काढलं आणि वाकून पहिल्या जुळ्याच्या पोटासमोर धरलं. काटा गर्रकन फिरला. दुसऱ्याच्या पोटासमोर धरलं, तिथेही फिरला. गोट्याकडे, तरी फिरला. हरवलं एक आणि पोटं तीन, हे कसं, एवढंही त्या वेळी त्यांच्या डोक्यात शिरलं नाही. भीतीपुढे अक्कल चालत नाही.

शेवटी भुंगी. ते वाकले. काटा फिरला. भुंगी मान खाली घालून काट्याकडे बराच वेळ बघत राहिली. आधी बघायचं, मग बोलायचं, हे तिला त्यांनीच शिकवलं होतं.

"आजोबा, काटा माझ्याकडे नाही बघत. तुमच्याकडे बघतोय."

तिने होकायंत्र हातात घेतलं आणि त्यांच्यासमोर डावीउजवीकडे फिरली. जाईल तिथून काट्याचं तोंड आजोबांकडेच.

"तुम्ही खाल्लं?"

आजोबांनी स्वेटर वर केला. पट्ट्याच्या बक्कलवर सहावं लोहचुंबक चिकटून बसलं होतं. पंपावर चढलं, दोन्ही हात अडकले की बारीकसारीक सामान बक्कलपाशी खोचून ठेवायचं, ही चाळीस वर्षांची सवय. आवरताना हात आपोआप तिकडे गेला, वरून स्वेटर खाली आला.

सून यायला अजून चार-पाच मिनिटं होती. लोहचुंबक भोकात बसवून, सापडलं गं, खाली पडलं होतं, म्हणता आलं असतं. आजोबांनी त्याला हात लावला नाही. ती लॅबचा कोट घालूनच धावत आत आली, तेव्हा ते स्वेटर वर धरून तसेच उभे होते.

तिने ऐकून घेतलं. त्यांना भिंतीशी थांबायला सांगितलं आणि स्वतः चारही पोटांपुढे होकायंत्र फिरवलं. काटा हलला नाही. मग डबा उतरवला, पाच मोजली, बक्कलचं सहावं उपटून घेतलं, आणि मगच तिला खुर्चीवर टेकावंसं वाटलं. सगळ्या घरी फोन करून झाल्यावर ती म्हणाली,

"बाबा, ही बारकी लोहचुंबकं इथे परत दिसायची नाहीत. मोठं आणा, बशीएवढं. कुणाच्या घशात जाणार नाही असं."

"म्हणजे वर्ग..."

"सापडायच्या आधी फोन केलात, म्हणून. आणि तो पट्टा काढा."

दुसऱ्या दिवशी आजोबा नाडीचा पायजमा घालून सतरंजीवर बसले. भुंगी होकायंत्र घेऊन आली, त्यांच्याभोवती सावकाश एक फेरी मारली, आणि मगच खाली बसली.