कटरच्या आधीचं काम

बडनेऱ्याला आमचं जुन्या गाड्या तोडायचं आवार होतं. ओळीनं काही वर्षं कपाशीनं दगा दिला, तेव्हा अकोटकडची बरीच माणसं मजुरीसाठी इकडं आली. त्यातला एक आमच्याकडे गॅस कटर चालवायला शिकला. चाळिशीचा, अबोल माणूस. कोरडवाहू शेत आणि मुलगी भावाकडे सोपवून बायकोसोबत जवळच खोली घेऊन राहायचा.

एका सकाळी एक जीप तोडायला आली. पेट्रोल काढलेलं आहे, असं आणणाऱ्यानं सांगितलं. यानं टाकीजवळ कटर लावला आणि भडका उडाला. पेट्रोल नव्हतं, पण टाकीत त्याची वाफ कोंडलेली होती. त्याचे दोन्ही हात आणि हनुवटी भाजली. माझ्या मिस्टरांनी त्याला ऑटोत घालून अमरावतीच्या दवाखान्यात नेलं.

जखमा भरल्या, तरी तो कामावर येईना. मी त्याच्या खोलीवर गेले. तो बाहेर बाजेवर बसला होता. त्याच्या बायकोनं मला आत नेलं आणि हळूच म्हणाली, "वहिनी, मी स्टो पेटवला का हे उठून बाहीर जातात. आता कटर कसा धरतीन?"

घरी आल्यावर मी मिस्टरांना म्हटलं, "त्याले आगीचं काम नका देऊ. कापायच्या आधी गाडी रिकामी करायचं काम द्या."

"त्यात अर्धा दिवस जाते. बाकीचे धडाधड कापून राहिले."

"जाऊ द्या ना अर्धा दिवस. तुमी त्याचे हात पाह्यले ना?"

दुसऱ्या दिवशी ते स्वतःच त्याला घेऊन आले.

आवाराच्या पार टोकाला, कटरपासून लांब, त्याच्यासाठी सिमेंटचा कोबा करून घेतला, तेल मातीत मुरू नये म्हणून. आधी तो बॅटरीच्या तारा सोडायचा आणि बॅटरी आडवी न करता फळीवर ठेवायचा. मग पेट्रोल काढून टाकी उतरवायची. इंजिनाचं तेल, ब्रेकचं तेल, रेडिएटरचं पाणी, सगळं वेगवेगळ्या डब्यांत. ब्रेकची धूळ उडू नये म्हणून ओल्या फडक्यानं पुसायची. गॅसवरची गाडी आली की तो किट बसवणाऱ्या मेकॅनिकलाच बोलवायला लावायचा.

सुरुवातीला टाकीजवळ गेला की तो पाना खाली ठेवायचा. मग तो उठायचा, नळावर जाऊन पाणी प्यायचा, थोडा वेळ बसायचा आणि परत यायचा. त्याला कुणी घाई केली नाही. हळूहळू ते उठणं थांबलं. घरचा स्टोही आता तोच पेटवतो, असं त्याच्या बायकोनं मला एकदा हसत सांगितलं.

गाडी रिकामी झाली की तो बॉनेटवर खडूनं फुली मारायचा. पुढे पुढे फुलीशिवाय आमचे कटरवाले गाडीला हात लावेनात. मुलीच्या लग्नासाठी तो गावी गेला, तेव्हा दारात फुली नसलेल्या दोन गाड्या उभ्या होत्या. कटरवाले दिवसभर सावलीत बसून चहा पीत राहिले. मिस्टर एकदा येऊन बघून गेले, आणि तिसऱ्यांदा चहा टाकायला मला सांगितलं.