उपरण्याखालचा सौदा

मी अमळनेरला कापसाची सरकी काढणाऱ्या जिनात कारकून होतो, तेव्हा बाजारात कापसाचे एक दलाल होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. भाव तोंडानं सांगायचा नसे; उपरण्याखाली हात धरून बोटं दाबायची. आपण जमवलेला सौदा मोडत नाही, हे भाऊ रोज एकदा तरी ऐकवत.

एका हिवाळ्यात बैलगाडीखाली त्यांना लुतीनं केस झडलेलं, कुडकुडणारं कुत्र्याचं पिल्लू सापडलं. करंजाचं तेल चोळून भाऊ त्याला त्याच उपरण्यात घेऊन हिंडू लागले. भावासाठी आत घातलेली बोटं पिल्लू चाटायचं, आणि व्यापाऱ्यांच्या शिव्या भाऊ खायचे.

"हाई मनं नही. बरं व्हयनं का दी टाकसू," ते म्हणत; बरं झालं की सोनगीरच्या एका शेतकऱ्याला द्यायचं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं होतं.

होळीपर्यंत पिल्लाला छान तांबूस केस आले. ठरल्याप्रमाणे तो शेतकरी त्याला न्यायला आला. भाऊंनी सवयीनं उपरण्याखाली त्याचा हात धरला. बराच वेळ गेला. मग शेतकरी हसत हसत रिकामाच निघाला.

मी त्याला गाठून विचारलं, "काय भाव सांगितला भाऊंनी?"

"भाव कसाना! भाऊनी हात धरी ठेवा नुसता. बोट काही दाबं नही."

दुसऱ्या दिवशी भाऊंनी पुन्हा ऐकवलं, की आपला सौदा कधी मोडत नाही. उपरण्याबाहेर शेपटी हलत होती. सगळ्या बाजारानं मान डोलावली.