शेवानेला, शेणखत आणि टीचरची स्वीटी

डायलिसिसला माणसं आठवड्यातून दोन-तीनदा येतात आणि चार-चार तास पडून राहतात. बोलणार नाहीत तर करणार काय? कणकवलीच्या आमच्या छोट्या हॉस्पिटलात सिस्टरकी करता करता माझ्याकडे किश्शांचा नुसता ढीग झालाय!

त्यातले निम्मे गळ्याजवळच्या नळीचे. हातावरची शीर ऑपरेशन करून त्यासाठी तयार होईपर्यंत डायलिसिस या कॅथेटरमधून चालतं. त्यात जंतू शिरला की थेट रक्तात! पेशंट मशीनवरच थंडीतापाने कुडकुडायला लागतो. मग जंतू ओळखायला रक्त कल्चरला जातं आणि लॅबवाल्याचा फोन येतो, "सिस्टर, हा कुठून आणलात?"

*

देवबागचे तात्या मच्छीमार. त्यांच्या रक्तात निघाला शेवानेला, खाऱ्या पाण्यातला जंतू. डॉक्टर भडकले, "नळी भिजवायची नाही म्हटलं होतं ना? समुद्रात कशाला गेलात?"

"मी खंय गेलंय? मी होडयेत बसललंय. लाटच अंगार इली!"

नळी काढली, इंजेक्शनं दिली, ताप उतरला. निघताना तात्यांनी जंतूचं नाव पुन्हा विचारून घेतलं. "नाव बरा आसा. नातीक शोभात!"

*

तारकर्लीच्या बाबींची माडांची बाग. त्यांच्या रिपोर्टात मातीतला जंतू. मी म्हटलं, "बाबीनू, मातीत हात घातलात ना?"

"देवाशपथ नाय! हात दोनव वर होते!"

वर कशाला? तर डोक्यावर शेणखताची पाटी होती!

*

शेजारच्या खाटेवर रिटायर्ड पोस्टमास्तर. त्यांना ताप आला तेव्हा अख्खी खोली रिपोर्टकडे डोळे लावून बसली. निघाला कातडीवरचा नेहमीचाच जंतू. मास्तरांचा चेहरा पडला. "माका साधोच?"

*

फर्नांडिस टीचरच्या वेळी मात्र कोणी हसलं नाही. बीपी एकदम खाली, हाक मारली तरी डोळे उघडेनात. डॉक्टरांनी लगेच नळी काढली. मी हिंदू, पण तेव्हा घरी जाताना रोज चर्चपुढे थांबून हात जोडायचे.

रिपोर्ट आला. मांजराच्या तोंडातला जंतू!

टीचर शुद्धीवर आल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "घरी मांजर आहे?"

"आहे ना, स्वीटी! माझ्या उशीवरच झोपते. सकाळी गळा चाटून उठवते मला."

"टीचर, आता नवी नळी घालायची आहे. ती असेपर्यंत मांजर घरात नको."

टीचर ढसाढसा रडल्या. पण बऱ्या होऊन घरी गेल्या आणि स्वीटीला मुलीकडे गोव्याला पाठवून दिलं. आम्ही हुश्श केलं.

पुढच्या डायलिसिसला टीचर आल्याच नाहीत. घाबरत घाबरत त्यांच्या मुलीला फोन लावला.

"सिस्टर, मम्मी कालच इकडे म्हापशाला आली, बॅग घेऊन. इथे डायलिसिस कुठे करतात हो?"