गाळलेल्या अर्ध्या मात्रा

वीसेक मिनिटांची एक रचना कुणीतरी माझ्याबरोबर बसून शेवटपर्यंत ऐकावी, एवढंच मला हवं आहे. इतक्या वर्षांत ते जमलेलं नाही.

रचना एका परदेशी गिटारवादकाची आहे. त्याच्या संगीताला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. मी तालुक्याच्या शाळेत शिकलेला, घरात पदवी घेणारा पहिला. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर जाईपर्यंत गिटार म्हणजे सिनेमातल्या हिरोच्या गळ्यातली वस्तू, एवढीच माझी समज. खोलीतल्या पुण्याच्या मुलाने परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या कानांवर हेडफोन चढवले आणि म्हणाला, "डोकं शांत होईल." डोकं अजिबात शांत झालं नाही. त्या दिवशी अभ्यासही झाला नाही.

हा माणूस वाजवता वाजवता गिटारची खुंटी पिळतो. सूर घसरत खाली जातो आणि हव्या त्या जागी नेमका थांबतो. कधी मनगटाने तारा दाबून नुसता ठोका काढतो. आणि त्या रचनेत सात मात्रांचा एक तुकडा फिरत राहतो. दर चौथ्या फेरीला तो त्यातली अर्धी मात्रा गाळतो. ड्रम मात्र सरळ चालतात. दोघांमधलं अंतर वाढत जातं आणि बसल्या जागी तोल गेल्यासारखं वाटतं. शेवटच्या तीन-चार मिनिटांत गाळलेल्या सगळ्या अर्ध्या मात्रा तो एकेक करून परत देतो, आणि गिटार व ड्रम एकाच ठोक्यावर भेटतात. त्याआधी थांबवलं, तर सगळी रचना चुकल्यासारखी वाटते.

आमच्या शाळेत गणित पुस्तकातल्या रीतीनेच सोडवावं लागायचं. त्या शिक्षकांचे उपकार मी विसरलेलो नाही. रियाधमधली बँकेची नोकरी त्यांच्याच पुण्याईची. पण भलत्या वाटेने जाऊनही उत्तर बरोबर येतं, हे मला या गिटारवाल्याने शिकवलं.

यंदा बातमी आली, की बोटांच्या दुखण्यामुळे त्याने वाजवणं सोडलं. मला राहवेना. आमच्या मराठी मंडळाचं दिवाळी स्नेहसंमेलन शहराबाहेरच्या एका इस्तराह्यात होतं. इस्तराहा म्हणजे उंच भिंतींआडची, हॉल आणि हिरवळ असलेली भाड्याची जागा. ती रचना तिथे ऐकवायची म्हणून मी सूत्रसंचालकांना गाठलं.

"आधी मुलांचा नाच, मग आमच्या हिची दोन भावगीतं, मग तुम्हीच," ते म्हणाले. "भरपूर वेळ आहे."

मगरीब आणि इशा या दोन नमाजांच्या मधला वेळ आमच्या कार्यक्रमाचा असतो. अजान झाली की गाणं बंद, हे इथे कुणाला सांगावं लागत नाही. मुलांच्या नाचाची क्लिप अडकली, ती पुन्हा पहिल्यापासून लावली. वहिनींच्या दोन गीतांची चार झाली. मी घड्याळाकडे बघत लॅपटॉप मांडीवर घेऊन बसलो होतो. बायको कुजबुजली, "अहो, आता राहू द्या." मी ऐकलं नाही.

पुढच्याच खुर्चीवर आमचे डॉक्टर होते. ते भूलतज्ज्ञ आहेत आणि मंडळाचे तबलजीही. रचना सुरू झाली आणि त्यांचा हात मांडीवर पडला. "अरे वा! सात मात्रा, रूपक आहे!"

झालं. सगळा हॉल मांडीवर रूपक धरायला लागला. चौथ्या फेरीला सगळ्यांचे हात एकदम चुकले.

"मात्रा खाल्ली यानं," डॉक्टर म्हणाले.

"खाल्ली नाही डॉक्टर, मुद्दाम गाळली आहे."

"मुद्दाम? आमच्या गुरुजींसमोर असं मुद्दाम केलं असतं, तर पाठीत धपाटा बसला असता."

"शेवटी परत देतो तो. जरा थांबा ना."

"साहेब, तोवर पेशंट टिकला पाहिजे!"

हॉल हसला. मी आवाज वाढवला. मागून माझी मुलगी इंग्रजीत म्हणाली, की बाबा, सरळ शेवटावर उडी मारा. मी मान वळवून तिला समजावत होतो, की मधलं ऐकल्याशिवाय त्या शेवटाला काही अर्थ नाही. तेवढ्यात अजान सुरू झाली. मी लॅपटॉप मिटला. शेवटची चार मिनिटं राहिली होती.

"खलास! यल्ला, जेवायला चला," कुणीतरी म्हणालं.

जेवणं झाल्यावर मी सूत्रसंचालकांना पुन्हा विचारलं. "आता हाऊजी आहे हो," ते म्हणाले. बायकोने माझ्या ताटात मसालेभात वाढला. "चेहरा सरळ करा. लोकांना वाटेल भात बिघडलाय."

दुसऱ्या दिवशी जुम्मा, म्हणजे शुक्रवार, सुट्टीचा दिवस. दुपारी मंडळाच्या ग्रुपवर डॉक्टरांचा संदेश आला: "रात्री झोप येईना. तुमची गिटार दुरुस्त करून पाठवतोय." सोबत ती पूर्ण रचना होती. खाल्लेली प्रत्येक अर्धी मात्रा त्यांनी कॉम्प्युटरवर भरून काढली होती आणि वर स्वतःचा तबला घातला होता. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सपाट रूपक. ग्रुपवर अंगठ्यांची रांग लागली. वहिनींनी लिहिलं, "आता कळलं!"

मी एक लांबलचक उत्तर लिहिलं आणि खोडलं. मग फोनच लावला.

"डॉक्टर, त्या ड्रमचं काय केलंत?"

"ते अडखळायला लागले. म्हणून तर तबला घातला."

"आणि शेवट?"

"शेवटी तर कहरच. अर्ध्या अर्ध्या मात्रा जास्तीच्या यायला लागल्या. त्या कापून टाकल्या."

"सगळ्या?"

"म्हणजे काय! मी काम अर्धवट सोडतो का?"

"जेवढ्या आधी भरल्या, तेवढ्याच शेवटी कापाव्या लागल्या असतील."

डॉक्टर मनात बेरीज करत असावेत.

"तेवढ्याच," ते म्हणाले. "हिशेब बरोबर लागतो."

मी उठून उभा राहिलो. "मग मूळची एकदा ऐका. तबला बाजूला ठेवून. आणि हात मांडीवरून काढून."

"हात काढून?" डॉक्टर म्हणाले. "मग ऐकायचं कशानं?"

ते खरंच विचारत होते.