डोंगर हलला नव्हता, यंत्र चुकले होते

सुनंदाताई जगदाळे यांना मी खरे ओळखले ते कोयनानगरला, आमच्या पथकाच्या साहेबांशी भांडताना. सत्तरचे दशक सरत आले होते. भूकंपाच्या त्या मुलखात डोंगर जागचे सरकतात का, हे पाहण्यासाठी आमच्या मोजणी पथकाला एक परदेशी यंत्र मिळाले होते. उपग्रहांचे सिग्नल पकडून ते जमिनीवरची नेमकी जागा सांगत असे. मी मोजणीदार, ताई नव्याने रुजू झालेल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या इंजिनिअर. ताईंच्या पंचाहत्तरीच्या अंकात गोड लिहावे, अशी संपादकांची अपेक्षा असणार. पण त्या प्रकरणाचा राग गिळून ताईंचा गौरव करणे मला जमणार नाही.

यंत्र नुकतेच दुरुस्त होऊन आले होते. पाटणकडच्या एका वाडीमागचा मोजणीचा खांब त्याने बराच सरकलेला दाखवला. साहेबांनी दुसरी तपासणी न करताच डोंगर घसरत असल्याचे ठरवले आणि वाडी रिकामी करायला लावली. आम्ही तिथे पोहोचलो तेव्हा दोन घरांचे वासे उतरले होते. यशोदाबाई नावाच्या म्हातारीने ताईंचा हात धरला. "आवं बाई, डोंगर हाललाय म्हंत्यात. भिताडाला तडा न्हाई. लेकरं घिऊन आमी जायाचं कुठं?"

ताई तडक साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "चूक यंत्राच्या आत असू शकते. आतल्या एखाद्या जोडावर सिग्नल आपटून मागे फिरतो, पुन्हा पुढे येतो, पण उशिरा. तो खऱ्या सिग्नलमध्ये मिसळला की जागा चुकते."

साहेब हसले. "परदेशी यंत्राला तुम्ही शिकवणार? बाईमाणसाने घरचा रेडिओ सांभाळावा."

हे वाक्य आठवले की आजही माझे डोके तडकते. ताईंनी मात्र वाद वाढवला नाही. थेट वरून परवानगी आणली, यंत्र जीपमध्ये घातले आणि आम्हाला घेऊन पलूस गाठले. तिथल्या सपाट रानात, जागा पक्की ठाऊक असलेला एक खांब होता. यंत्राने तोही सरकलेला दाखवला! "आता इथला डोंगर कुठे आहे, तेवढे दाखवा," ताई आमच्याकडे वळून म्हणाल्या. त्यांनी यंत्र उघडले. दुरुस्तीत बसवलेली आतली वायर मूळच्या जातीची नव्हती. तिच्या जोडावरूनच सिग्नल परतत होता. योग्य वायर बसवताच पलूसचा खांब जागेवर आला, आणि मग वाडीमागचाही.

वाडी वाचली. पण साहेबांनी दोष खराब हवामानावर ढकलला, त्यांना बढती मिळाली आणि ताईंची बदली झाली! मोडलेल्या घरांबद्दल खात्याने अवाक्षर काढले नाही. याला काय म्हणावे?

निघण्याआधी ताई वाडीत गेल्या आणि पदर खोचून माती कालवू लागल्या. यशोदाबाई ओरडल्या, "आवं, तुमी सायबीण, चिखलात कशाला?"

"आमच्याच खात्याने पाडायला लावलंय ना, आजी," ताई म्हणाल्या आणि भिंतीला हात घातला. संध्याकाळपर्यंत आम्हीही चिखलात होतो.

पुढे ताई सांगलीत स्थायिक झाल्या. आजही तंत्र शिकणाऱ्या मुलामुलींना त्या घरी बोलावून, जेवू घालून शिकवतात. आळशी उत्तर आले की अजूनही कडाडतात.

ताई, आपली दृष्टी, गुडघे आणि हा संताप शंभरीपर्यंत शाबूत राहोत. आपल्यासारखे चिडणारे माणूस आम्हाला अजून पुष्कळ वर्षे हवे आहे.