नदीत उतरायची वेळ साडेदहा

तीन महिने वहिनींच्या घरात नदीची मोहीम गाजत होती. नदीवर मात्र अजून कुणी फिरकलं नव्हतं.

मोहिमेचे म्होरके म्हणजे वहिनींचे धाकटे दीर. विमा कंपनीत असल्यामुळे धोका म्हणजे काय, हे त्यांना फॉर्मपुरतं ठाऊक होतं. जोडीला त्यांचे मित्र, दातांचे डॉक्टर. दर रविवारी दोघं जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरत आणि घरचे ताटं मांडीवर घेऊन जेवत. हेल्मेट नारिंगी की पिवळं, यात चार रविवार गेले. फोटोत नारिंगी उठून दिसतं, असं ठरलं. होडी उलटली तर काय करायचं, हा विषय वेळेअभावी मागे पडला.

वहिनी पाणी खात्यात होत्या. एकोणीस वर्षं, रोज सकाळी आठला आणि संध्याकाळी पाचला, पुलाखालच्या पट्टीवर नदीची पातळी वाचायची आणि कचेरीला कळवायची. असल्या बाईला नदीतलं काय विचारायचं? म्हणून त्यांना चहाचं विचारलं जाई.

एकदा कप ठेवताना त्यांची नजर वेळापत्रकावर पडली. नाश्ता नऊ, फोटो दहा, नदीत उतरणे साडेदहा.

"भाऊजी, रविवारी अकराला धरणातून पाणी सोडतात. बघता बघता नदी पुरुषभर चढते. खडकांत अडकाल. सातला उतरा, नऊला बाहेर या."

"सातला?" डॉक्टरांचा चेहरा स्वतःचीच दाढ उपटल्यासारखा झाला.

"तुम्ही उगाच घाबरता, वहिनी. ॲप आहे ना! हे बघा, आजची पातळी. हिरवं दाखवतंय." दीरांनी फोन पुढे केला.

वहिनींनी वाकून पाहिलं. "हा आकडा माझाच आहे. सकाळी आठचा. मीच कळवलाय."

दीरांनी आकडा पुन्हा निरखला. मग खुशीत म्हणाले, "म्हणजे ॲप अगदी भरवशाचं आहे!"

ठरलेल्या रविवारी वहिनी पातळी वाचून घरी आल्या, पण जीव थाऱ्यावर नव्हता. दीरांचा फोन लागेना. धरणावर फोन केला, तर तिथल्या साहेबांनी अदबीनं सांगितलं, पाणी थांबवायचं असेल तर अर्ज तीन दिवस आधी लेखी द्यावा लागतो. वहिनी तडक पुलावर जाऊन उभ्या राहिल्या.

साडेअकराच्या सुमारास पाणी गढूळ झालं, फुगलं. आणि वरून एक होडी आली. पालथी. तिच्यामागे दुसरी, तीही रिकामी.

चपला हातात घेऊन वहिनी काठाकाठानं वरच्या अंगाला धावत सुटल्या. काटे लागले, पदर फाटला, दम लागला, पण थांबल्या नाहीत.

वळणापलीकडे उंच दरडीवर दोन नारिंगी हेल्मेटं बसली होती. खाली दोन माणसं, मोज्यांसकट कोरडी.

"नाश्त्याला उशीर झाला," दीर पुटपुटले.

"मग ऊन तोंडावर येत होतं," डॉक्टर म्हणाले. "फोटो नीट येईनात. होड्या पाण्याकडेला ठेवल्या होत्या, तेवढ्यात..."

वहिनी मटकन खाली बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. रडणं आटोपल्यावर त्यांनी दोघांना असं काही झापलं, की डॉक्टरांनी भीतीनं हेल्मेटचा पट्टा आणखी घट्ट केला.

पुढची मोहीम वहिनींनी आखली. अर्ध्या कागदावर, भाजी शिजेपर्यंत. सोबत शिकवणारा जाणकार, मोठी रबरी होडी, पाण्यात उतरायची वेळ सात. चौथी जागा कुणाची, हे विचारायची दोघांची छाती झाली नाही.

खडकांचा पट्टा आला. होडीचं नाक वर गेलं, दाणकन आपटलं आणि इतकी वर्षं काठावरून वाचलेली नदी वहिनींच्या थेट तोंडावर आली. त्या जिवाच्या आकांतानं किंचाळल्या.

"वहिनी, थांबायचं का?" दीर ओरडले.

"थांबताय कसले? वल्हं मारा, भाऊजी!"

डॉक्टरांनी डोळे मिटून घेतले होते.